ट्रंकेतली दोन बटनांची घडी: जुना पायलट क्रोनोग्राफ ओळखायचा, वय काढायचं अन् भाव लावायचा

पहिले एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. आपल्याकडे आर्वी, दारव्हा, वरूड, तिकडे गोंदियापर्यंत कोणी "आजोबाची पायलट घडी आहे भाऊ, किती येतील" म्हणून फोटो पाठवला की बहुतेक वेळा ती एचएमटीची पायलट निघते. काळी डायल, मोठे पांढरे आकडे, चावीची, १७ ज्वेल्स, पॅराशॉक लिहिलेलं. चांगली घडी आहे, एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगलोरला घड्यांचा कारखाना टाकला त्याच घराण्यातली, पण ती क्रोनोग्राफ नाही. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचवाली घडी. चावीच्या वर एक बटन, खाली एक बटन, डायलमध्ये एक ते तीन छोटे गोल, अन् मधला लांब सेकंदकाटा आपण बटन दाबल्याशिवाय हलतच नाही (काही अपवाद आहेत, पण बहुतेकांत असंच). हे नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, एचएमटी म्हणून जपून ठेवा.

अन् दोन बटनं असतील तर डायलवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. नाव रंगवता येते, डायल बदलता येते, मागच्या झाकणावर विमान कोरून घेता येते. आतलं मशीन मात्र एवढ्या सहजासहजी खोटं बोलत नाही. म्हणून सगळा तपास बाहेरून आत जायचा, अन् भाव आतून बाहेर लावायचा.

अशा घड्या आपल्या भागात येतात कुठून, हा प्रश्न लोक विचारतात. नागपूर काही विमानाच्या नकाशाबाहेरचं गाव नाही. १९४९ ला नाईट एअर मेल सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशेची विमानं मध्यरात्री नागपुरात उतरून टपालाची अदलाबदल करायची. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे, गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली आहे. तरी पण खरं सांगू का, गावात निघणाऱ्या दोन बटनांच्या घड्यांपैकी भल्ल्या घड्या पायलटच्या नसतातच, त्या आखातात नोकरी करून आलेल्या काकांच्या सिको असतात किंवा कोणीतरी मुंबईहून हौसेनं आणलेल्या स्विस. "वायुदलातल्या साहेबाची" ही गोष्ट कागद किंवा फोटो असल्याशिवाय भावात धरायची नाही.

हात लावायच्या आधी

घडी सापडली की आपल्या लोकांना पहिला झटका येतो तो चमकवायचा. टूथपेस्ट, ब्रासो, सराफाकडचं पॉलिश, काहीच नाही करायचं. केसच्या, म्हणजे घडीच्या धातूच्या खोक्याच्या, कडा तीक्ष्ण असणं, पट्टा अडकतो त्या पायांवर मूळ ब्रशचे ओरखडे दिसणं, याचेच पैसे असतात, एकदा पॉलिशनं गोल झालेली कड परत येत नाही. डायलवरचे डाग तर बिलकुल पुसायचे नाही. काच मात्र बहुतेक जुन्या घड्यांत प्लास्टिकची असते, तशी असेल तर घासली तरी चालते अन् बदलली तरी फार फरक पडत नाही. अन् मागचं झाकण भाजीच्या सुरीनं उचकटायचं नाही, त्या सुरीचे घाव मी इतक्या घड्यांवर पाहिले की आता पाहूनच राग येते.

फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूनं, चावीचा जवळून, डायलच्या खालच्या कडेचा तर मोबाईल जेवढा जवळ जाईल तेवढ्या जवळून, कारण ६ च्या खाली जी मुंगीएवढी अक्षरं असतात त्यात अर्धी जन्मपत्रिका असते.

बाहेरून वय

काही गोष्टी पक्क्या आहेत, त्या आधी लावून पाहा. एकच बटन असेल तर घडी जुन्या चालीची. ब्राइटलिंग या स्विस कंपनीनं रिसेटचं, म्हणजे काटा शून्यावर आणायचं, दुसरं वेगळं बटन १९३४ मध्ये आणलं, अन् मंग दोन बटनांची पद्धत सगळीकडे रुळली. एक बटन म्हणजे १९३४ च्या आधीचीच असं मात्र नाही, लेमानिया ही स्विस कंपनी ब्रिटिश फौजेसाठी एका बटनाच्या घड्या नंतरही बनवत होती.

दुसरी पक्की गोष्ट १९६९. त्या वर्षाच्या आधी ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप भरणारा, क्रोनोग्राफ बाजारात नव्हताच. झेनिथचं एल प्रिमेरो, हॉयर-ब्राइटलिंग वगैरे लोकांनी मिळून केलेलं कॅलिबर ११ (कॅलिबर म्हणजे मशीनचं मॉडेल), अन् सिकोचं ६१३९, तिन्ही १९६९ चे. त्यामुळे घडी हलवली की आत रोटर फिरतो अन् विकणारा म्हणते "दुसऱ्या महायुद्धातल्या पायलटची आहे", तर तिथेच हात जोडायचे अन् चहा पिऊन निघायचं.

तिसरं, काट्यांवरचा अन् आकड्यांवरचा चमकणारा मसाला. ६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खरं रेडियम भरायचे, मंग ट्रिटियम आलं, अन् ९० च्या दशकाच्या शेवटी सुपर-ल्युमिनोव्हा. ट्रिटियम असेल तर डायलच्या खाली स्विस शब्दाच्या दोन्ही बाजूला टी अक्षर असते, म्हणजे टी स्विस टी किंवा टी स्विस मेड टी. घरी करायची परीक्षा अशी की रात्री लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्च दहा सेकंद डायलवर धरा अन् काढा. जुनं रेडियम असेल तर काहीच चमकत नाही, कारण रेडियम अजून जिवंत असलं तरी त्याच्यासोबतचा चमकणारा पदार्थ जळून गेलेला असते. ट्रिटियम क्षणभर उजेड देते अन् विझते, त्याचं अर्धआयुष्यच १२.३ वर्षांचं आहे. आणि जर हिरवंगार चमकून बराच वेळ तसंच राहिलं तर तो मसाला नंतर भरलेला आहे, डायलवर १९५० ची स्टाईल असली तरी. काटे चमकतात अन् आकडे नाही, किंवा उलट, म्हणजे काटे बदललेले.

रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षं. म्हणजे ते काही आपल्या हयातीत संपत नाही. बंद घडी कपाटात ठेवायला घाबरायचं कारण नाही, पण काच काढून तो पिवळट-तपकिरी मसाला खरवडायचा नाही, फुंकायचा नाही, त्याची पावडर पोटात-फुप्फुसात जाणं हाच धोका आहे. घरात लेकरं असतील तर उघडी डायल टेबलवर ठेवून जेवायला जाऊ नका.

बटनं दाबून पाहायची

चावी हळूहळू पंधरा-वीस आटे भरा. भरल्यावर घडी चालू झाली तर वरचं बटन दाबा. काटा उडी न मारता निघाला पाहिजे. साठ सेकंद झाले की मिनिटाच्या छोट्या गोलातला काटा एक घर पुढे गेला पाहिजे, अर्ध्यात अडकला नाही पाहिजे. थांबवा, खालचं बटन दाबा, काटा बरोबर १२ वर आला पाहिजे. दोन सेकंद इकडे-तिकडे थांबत असेल तर काटा सरकलेला आहे किंवा आतला रिसेटचा भाग घासला. मंग परत चालू करून अर्धा तास सोडून द्या अन् पाहा की क्रोनोग्राफ चालू असताना घडी बंद पडते का, कारण तेल वाळलेल्या मशीनला तेवढं ओझं ओढत नाही.

इथे एक फसगत सगळ्यांची होते. लँडेरॉन ४८ नावाचं मशीन खूप स्वस्त स्विस क्रोनोग्राफमध्ये आहे, अन् त्यात वरचं बटन फक्त चालू करते. थांबवायला खालचं बटन एकदा, शून्यावर आणायला खालचंच परत एकदा. ज्याला माहीत नाही तो वरचं बटन दाबत राहते अन् "बटन खराब आहे" म्हणून घडी मातीमोल भावात देऊन टाकते. विकत घेणारे चतुर लोक याचाच फायदा घेतात, म्हणून आपली घडी विकायला नेण्याआधी हे तपासा.

अन् लँडेरॉन ४८ सोडली तर क्रोनोग्राफ चालू असताना खालचं बटन जोर लावून दाबायचं नाही. फ्लायबॅक प्रकारच्या घड्यांत ते चालते, काटा शून्यावर येऊन लगेच पुन्हा पळतो, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हानहार्ट अन् टुटिमा, नंतरच्या फ्रेंच टाईप २० या तशाच केल्या होत्या. साध्या मशीनमध्ये मात्र जबरदस्ती केली तर आतली दांडी वाकते.

टेलिमीटरचा स्केल असेल, म्हणजे कडेला किलोमीटरचे आकडे, तर त्याची परीक्षा मृग लागल्यावर आपल्या शेतातच होते. वीज चमकली की बटन दाबा, गडगडाट ऐकला की थांबवा, काटा जिथे थांबला तेवढे किलोमीटर दूर वीज पडली. आवाज साधारण तीन सेकंदात एक किलोमीटर येतो, तर नऊ सेकंदाला आकडा ३ च्या आसपासच पाहिजे. दहा-बारा दाखवून राहिला तर डायल कोणीतरी अंदाजपंचे छापलेली आहे. परीक्षा घरात बसून, खिडकीतून घ्या, झाडाखाली उभं राहून नाही.

मशीन

स्क्रूचं झाकण असेल तर चिकट रबरी बॉल झाकणावर दाबून फिरवला तरी पुष्कळदा उघडते. दाबाचं असेल तर घड्याळजीकडे न्या अन् समोर उभं राहून उघडून घ्या. "ठेवून जा, संध्याकाळी पाहतो" म्हणाला तर हसून घडी परत खिशात टाका. सगळे तसे नसतात, चांगले म्हातारे कारागीर नागपूरच्या इतवारीत, बर्डीत अन् तालुक्याच्या गावीही आहेत अजून, पण ही घडी आहे, गव्हाचं पोतं नाही.

आत पाहायचं ते बॅलन्स चाकाजवळ (जे सतत मागे-पुढे फिरते ते), चाकाच्या खाली किंवा शेजारच्या पट्टीवर. तिथे बारीक खूण अन् नंबर असते. व्हॅलजू २३, ७२, ७७३३, ७७३४, ७७३६, व्हीनस १७५, १७८, लेमानिया, लँडेरॉन, असं काही. डायलवर कोणाचंही नाव असो, बहुतेक छोट्या स्विस कंपन्या मशीन याच कारखान्यांकडून घ्यायच्या, त्यामुळे ज्या नावाचं कोणी ऐकलं नाही त्या घडीतही व्हॅलजू ७२ निघू शकते, अन् तिथून भाव एकदम बदलते.

आता कॉलम व्हील. क्रोनोग्राफ चालू-बंद करायचं काम दोन पद्धतीनं होते. महागात एक गोल चाक असते ज्यावर किल्ल्याच्या बुरुजावरच्या कंगोऱ्यासारखे उभे खांब असतात, बटन दाबलं की ते एक-एक घर फिरते अन् बोटाला लोण्यासारखं हलकं लागते. स्वस्तात त्याच्या जागी चपटी कॅम असते, बटन कडक लागते. व्हॅलजू ७२ अन् व्हीनस १७८ कॉलम व्हीलचे, ७७३३-७७३४ अन् लँडेरॉन ४८ कॅमचे. सिको ६१३९ मात्र साध्या नोकरदाराच्या हातातली घडी असून आत कॉलम व्हील आहे, म्हणून तिला मी मानतो.

सिको ओळखणं सगळ्यात सोपं. झाकणावर ६१३९ नं सुरू होणारा नंबर अन् वेगळा सहा आकडी सिरियल. सिरियलचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी शून्य किंवा ओ, एन, डी. तर ३ अन् डी नं सुरू झाला म्हणजे डिसेंबर १९७३. हे मॉडेल ७० च्या दशकातच संपलं म्हणून दशकाचा घोळ होत नाही, फक्त ९ आला तर १९६९ की १९७९ ते डायलवरून ठरवावं लागते. चावी बाहेर न ओढता आत दाबली की तारीख-वार बदलतात, अन् ही चावीनं भरता येत नाही, हलवूनच चालू करावी लागते. वार अरबीत दिसला तर आखाती बाजारातली. पिवळ्या डायलवाली जास्त मागणीची आहे कारण विल्यम पोग नावाच्या अंतराळवीरानं १९७३ च्या स्कायलॅब मोहिमेत तशीच वापरली, आणि म्हणूनच खोट्या पिवळ्या डायली सगळ्यात जास्त फिरून राहिल्या आहेत. डायलच्या तळाला ६१३९ नं सुरू होणारा बारीक कोड नसेल, किंवा अक्षरं फुगलेली दिसत असतील, तर डायल नवीन.

नॅव्हिटायमर कोणाकडे निघेल असं वाटत नाही, पण निघालीच तर. ब्राइटलिंगनं ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काढली, ८०६ हा तिचा प्रसिद्ध नंबर, आत बहुतेक व्हीनस १७८. आधीच्या घड्यांत छोटे गोल काळे, साधारण १९६३-६४ पासून पांढरे. तिच्या कडेला स्लाईड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकाराची गोल पट्टी, असते, पायलट लोक त्यावर इंधन-वेग काढायचे, अन् खोटी पकडायला तोच कामी येतो: बाहेरची रिंग फिरवून बाहेरचे २० आतल्या १० समोर आणा. आता बाहेरचा प्रत्येक आकडा आतल्याच्या दुप्पट पाहिजे, ३० समोर १५, ४० समोर २०, ६० समोर ३०. खोट्या छपाईत हे जुळत नाही, कारण छापणाऱ्यानं आकडे नुसते दिसायला ठेवलेले असतात.

फौजी खुणा असल्या तर त्या खोल अन् जुन्या झिजलेल्या पाहिजे. ७० च्या दशकातल्या ब्रिटिश वायुदलाच्या घड्यांवर, हॅमिल्टन, सीडब्ल्यूसी, न्यूमार्क, प्रेसिस्टा या चार कंपन्यांच्या, झाकणावर बाण, ६बीबी नं सुरू होणारा नंबर, अन् शेवटी तिरपी रेघ देऊन वर्षाचे दोन आकडे असतात. केस एका बाजूनं फुगीर असते, चावीला धक्का लागू नये म्हणून. आत व्हॅलजू ७७३३. नंबर ०५५२ नं सुरू झाला तर ती नौदलाची. फ्रेंच घड्यांवर एफजी लिहून तारीख असते, ती बनवल्याची नाही, दुरुस्तीनंतरची गॅरंटी संपायची तारीख आहे, लोक तिलाच जन्मतारीख समजतात.

अन् १९६३ लिहिलेली दोन गोलांची चिनी घडी दिसली तर ती १९६३ ची नाही. चिनी हवाईदलासाठी ६० च्या दशकात व्हीनस १७५ च्या यंत्रसामग्रीवरून घडी केली होती, ही तिची आताची आवृत्ती. घालायला छान आहे, ट्रंकेतली म्हणून घेऊ नका.

आपल्या देशात अजून एक प्रकार चालते. जुनं मशीन, नवी चकाचक डायल, त्यावर विमान, पंख, मोठ्या कंपनीचं नाव. ऑनलाईन याचा पूर आहे. डायलवरची छपाई भिंगातून पाहा, खऱ्या डायलवर अक्षराची कड साफ असते, रंगवलेल्यावर कडा पसरट अन् छोट्या गोलातल्या रेघा मध्यबिंदूकडे नीट जात नाही.

भाव

विकणारे जो भाव लिहितात तो भाव नाही, जो देऊन कोणी घेतली तो भाव. ऑनलाईन साईटवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा वेगळा फिल्टर असते, तोच लावा, अन् सेम मशीन, सेम केस, सेम डायल पाहा. मोठ्या लिलावातल्या किमती पेपरात येतात त्या आपल्यासाठी नाही.

समजा स्टीलच्या, व्हॅलजू ७७३३ च्या, चालू, ओरिजनल डायलच्या घड्या विकल्या गेल्यात साठ हजाराच्या आसपास. तुमची डायल रंगवलेली आहे, तर माझ्या हिशेबानं अर्धे तिथेच गेले. तीस उरले. काटे बदललेले, पाच काढा. सर्व्हिसिंग केव्हा झालं कोणाला माहीत नाही, अन् क्रोनोग्राफची सर्व्हिसिंग साध्या घडीच्या कितीतरी पट लागते, तो खर्च काढा. केस क्रोमची असेल अन् पितळ दिसत असेल तर अजून कमी. हातात पंधरा-वीस राहिले. ऐकायला वाईट वाटते पण घेणारा असाच विचार करते, अन् तुम्ही घेत असाल तर तुम्हीही असाच करा.

उलट बाजूनं, न पॉलिश केलेली केस, सारखा पिवळट झालेला मसाला डायलवर अन् काट्यांवर, जुनं बिल, डबा, आजोबांच्या मनगटावर तीच घडी असलेला फोटो, सेवापुस्तकाची झेरॉक्स, हे सगळं भाव वाढवते. लॉन्जिनेस असेल तर कंपनी सिरियल नंबरवरून जुन्या रजिस्टरातली नोंद शोधून देते, ते पत्र विकण्याआधी मागवून घ्या. सोन्याची असेल तर सराफ वजनाचा भाव सांगेल, त्याला हो म्हणायचं नाही, कारण वितळवायला दिली की मशीनची किंमत शून्य झाली. आधी पाहा की सोनं आहे की मुलामा. मायक्रॉनचा आकडा कोरलेला असेल तर मुलामा.

विकत घ्यायला गेलात अन् समोर घरची म्हातारी माणसं असतील, तर मशीन उघडल्यावर जे निघालं ते त्यांना सांगून भाव करा. पाचशेत उचलून आणलेल्या घडीच्या फुशारक्या मारणारे लोक मला पटत नाही, गावात तेच चेहरे उद्या आठवडी बाजारात भेटतात.

ठेवायचं म्हणाल तर मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत नको, तेल पातळ होऊन पसरते. अन् कूलरच्या झोतासमोरच्या कपाटात तर अजिबात नको, त्या ओल्या हवेनं डायलवर ठिपके येतात अन् आत गंज धरते. आतल्या खोलीत, छोट्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, पट्टा काढून ठेवा, चामड्याचा पट्टा घामाची ओल धरून राहते. महिन्यातून एकदा चावी भरून क्रोनोग्राफ चालवा, पण सर्व्हिसिंग झालेली असेल तरच, कोरड्या मशीनला चालवून चालवून दातेच खाल्ले जातात.

पोस्टानं पाठवायची तर क्रोनोग्राफ थांबवून, काटा शून्यावर आणून, बटनांवर दाब येणार नाही अशी फोममध्ये बसवा, विमा उतरवा, अन् पॅक करतानाचा व्हिडिओ काढा ज्यात सिरियल नंबर स्पष्ट दिसते.